परमुलुखांतील वकील आणि घरचा दाखला

गेल्या मार्गशीर्षांतली गोष्ट. सायंकाळचें स्तोत्र आटोपून आम्ही ओट्यावर बसलों होतों, तोंच आमचा एक जुना विद्यार्थी दारीं येऊन उभा राहिला. दोंडाईच्याच्या मिरचीबाजारांत ज्यांची पेढी कित्येक वर्षें चालत आली आहे अशा एका घरचा हा मुलगा. शाळेंत असतां संस्कृताचीं रूपें त्याला आम्हींच घोकावयास लाविलीं होतीं. पुढें तो पुण्यास शिकून आला आणि वाडवडिलांच्या धंद्यांत पडला. एरवीं येतो तो हंसत येतो. त्या दिवशीं मात्र कांहीं न बोलतां त्यानें तिखटाचा एक पुडा आमच्यापुढें ठेविला, आणि आम्ही चष्मा पुसून तो पाहूं लागतांच म्हणाला, "गुरुजी, वरचें चित्र आमच्या पणजीचें आहे, पण आंतलें तिखट आमचें नाहीं."

त्या चित्राचा इतिहास गांवांतील जुन्या मंडळींस ठाऊक आहे. थंडीच्या दिवसांत जो कोणी आमच्याकडे येतो त्याला पथाऱ्यांवर वाळत घातलेल्या मिरचीचे लालभडक पट्टे लांबवरून दिसतात, आणि जवळ गेल्यावर ठसक्यानें त्याचे डोळे भरून येतात. तेथें बायका नाकातोंडाला फडकें बांधून दिवसभर देठ खुडीत बसलेल्या असतात. या मुलाची पणजी ऐन तारुण्यांत विधवा झाली, तेव्हां लेंकरांस जगविण्यासाठीं तिनें असेच देठ खुडले, आणि रात्रीं घरीं खलबत्त्यांत मिरची कुटून तें तिखट घरोघर विकलें. पुढें तिच्या मुलांनीं पेढी घातली, तेव्हां पुड्यावर देवादिकांचें चित्र न छापतां खलबत्त्यापुढें बसलेल्या आईचें चित्र छापलें. तो खलबत्ता त्या घरीं आजहि आहे, आणि दसऱ्यास त्याची पूजा होते.

कांहीं वर्षांपूर्वीं या मुलानें आखातांतील एका देशांत माल धाडण्यास आरंभ केला. तेथें एक व्यापारी एजंट म्हणून मिळाला. बोलणें सारें फोनवर, करार तोंडी, विश्वास मात्र पुरा. माल खपूं लागला. आणि तो खपूं लागला तसें त्या एजंटानें तेथील सरकारी कचेरींत जाऊन पणजीचें चित्र व पेढीचें नांव स्वतःच्या नांवावर नोंदवून घेतलें. मग निरोप आला कीं, यापुढें या शिक्क्याचा माल या देशांत माझ्या संमतीवांचून उतरतां कामा नये. इतकेंच नव्हे, तर दुसरीकडून स्वस्त मिरची घेऊन त्यावर तेंच चित्र लावून विकण्यास त्यानें सुरुवातहि केली. आमच्यापुढें होता तो त्याचाच पुडा.

मुलगा विमानानें तेथें गेला आणि तडक आपल्या देशाच्या वकिलातींत गेला. व्यापारविभागाच्या एका तरुण अधिकाऱ्यानें त्याला बसवून घेतलें, सारी हकीकत शांतपणें ऐकली आणि तीन प्रश्न विचारले. हा शिक्का भारतांत आपल्या नांवावर नोंदलेला आहे काय? या देशांत नोंदीसाठीं आपण अर्ज केला होता काय? आणि या एजंटाशीं आपला लेखी करार आहे काय? तिन्ही प्रश्नांस उत्तर एकच होतें. "गुरुजी," तो आम्हांस म्हणाला, "आपण धडा विचारीत असां आणि मी तो पाठ केलेला नसे, तेव्हां जसें वाटे तसें मला त्या खुर्चीवर वाटलें."

त्या अधिकाऱ्यानें हात झटकले असें मात्र नव्हे. त्यानें तेथील व्यापारी मंडळास पत्र लिहिलें, एजंटास समोरासमोर बोलण्यास बोलाविलें, आणि अशीं प्रकरणें चालविणाऱ्या तेथील कायदेपंडितांची यादी काढून दिली. एजंट आला तो नोंदणीचें प्रमाणपत्र घेऊनच आला. त्याच्या हातीं कागद होता. आमच्या विद्यार्थ्याच्या हातीं पणजीची कथा होती. बैठक अर्ध्या घटकेंत संपली. निघतांना अधिकारी म्हणाला, "आम्ही आपल्या बाजूनें बोलूं शकतों, पण आपल्या बाजूचा कागद आपण आम्हांस दिला पाहिजे."

हें वाक्य ऐकल्यापासून आमच्या मनांत घोळत आहे, आणि आजच्या लेखाचा विषयहि तेंच आहे. परदेशीं आपल्या व्यापाऱ्याच्या नांवाचें, चिन्हाचें, विद्येचें रक्षण करण्यास आपल्या सरकारचा वकील काय करूं शकतो, आणि काय करूं शकत नाहीं, हें आपल्या घरोघर समजलें पाहिजे. कारण हल्लीं आपल्या मुलाबाळांपैकीं कोणी मसाले धाडतो, कोणी औषधें, कोणी गणकयंत्राच्या आज्ञावल्या. आणि ज्याचें कांहींच परदेशीं जात नाहीं असें घर आतां विरळा.

'वकील' हा शब्द आज आपण काळा झगा घालून न्यायालयांत उभा राहणाऱ्यास लावितों. मराठेशाहींत तो परदरबारीं राहणाऱ्या राजप्रतिनिधीस लावीत. दिल्लीस हिंगणे आणि निजामाच्या दरबारीं गोविंदराव काळे हे पेशव्यांचे असे वकील होते. 'वकिलात' हा शब्द त्याचाच वंशज. कौटिल्यानें अर्थशास्त्रांत दूतांचे तीन वर्ग केले आहेत. ज्याच्यावर सर्व कार्य सोंपविलेलें असतें तो निसृष्टार्थ. ज्याला नेमून दिलेल्या मर्यादेंतच बोलतां येतें तो परिमितार्थ. आणि केवळ निरोप पोंचविणारा तो शासनहर. आमच्या विद्यार्थ्याची समजूत अशी होती कीं, वकिलातींतला अधिकारी म्हणजे निसृष्टार्थ. तो एक शब्द टाकील आणि परक्या देशाचें सरकार लगेच एजंटाचें प्रमाणपत्र फाडून टाकील. वास्तविक अशा कामांत तो फार तर परिमितार्थ असतो.

हें असें कां, याचें कारण समजून घेण्यासारखें आहे. जागतिक व्यापार संघटना १९९५ च्या १ जानेवारीस अस्तित्वांत आली. तिच्याबरोबर बौद्धिक संपदेविषयींचा जो करार सर्व सभासद राष्ट्रांस लागू झाला, त्याच्या प्रस्तावनेंतच हे हक्क खाजगी हक्क आहेत असें नमूद केलें आहे. म्हणजे शिक्क्याचा, पेटंटाचा, लेखनाचा धनी राजा नव्हे. धनी तो प्रजाजन. राजाचा वकील धन्याच्या पाठीशीं उभा राहील, त्याच्या वतीनें कान उघडे ठेवील, दार ठोठावील. परंतु धन्याच्या जागीं तो बसणार नाहीं. अमेरिकेची गोष्ट घ्या. त्या देशानें नवी दिल्लीच्या आपल्या वकिलातींत केवळ बौद्धिक संपदेसाठीं स्वतंत्र अधिकारी नेमण्याचा प्रघात ठेविला आहे. कोणत्या देशांत अमेरिकन हक्कांचें रक्षण अपुरें होतें याची जाहीर यादी ते दरवर्षीं प्रसिद्ध करितात. २०२५ सालच्या यादींतहि 'विशेष लक्ष ठेवण्याचे देश' म्हणून ज्यांचीं नांवें आहेत त्यांत आपण आहों. इतका दरारा असूनहि असा अधिकारी आपल्याच देशाच्या कंपनीस कायद्याचा सल्ला देत नाहीं, कीं तिच्यातर्फे न्यायालयांत उभा राहत नाहीं. तेथील कायदा कसा आहे, कोणत्या कचेरींत जावें, कोणते वकील हें काम करितात, एवढें तो सांगतो, आणि सरकारी दारें उघडून देतो. आंत जावें लागतें तें ज्याचें त्यालाच.

दुसरी गोष्ट, हे हक्क देशोदेशीं निरनिराळे असतात. मुंबईस मिळालेलें प्रमाणपत्र दुबईस चालत नाहीं, आणि दुबईचें पॅरिसास. जसा एका गांवचा सातबारा दुसऱ्या गांवच्या शेतास लावितां येत नाहीं, तसेंच हें. १८८३ सालीं पॅरिस येथें जो करार झाला त्यानें एवढेंच केलें कीं, सभासद देशानें परकीयास आपल्या प्रजेप्रमाणेंच वागवावें, आणि एका देशांत शिक्क्यासाठीं पहिला अर्ज केल्यापासून सहा महिन्यांच्या आंत दुसऱ्या देशांत अर्ज केल्यास तो पहिल्या अर्जाच्या तारखेचा मानावा. पेटंटास ही मुदत बारा महिन्यांची आहे. आपला देश या करारांत १९९८ च्या डिसेंबरांत सामील झाला. एजंटानें धन्याच्या संमतीवांचून त्याचा शिक्का आपल्या नांवावर केला, तर त्यास हरकत घेण्याचीहि तरतूद त्या करारांत आहे. परंतु धनी कोण आणि एजंट कोण हें कागदानेंच दाखवावें लागतें.

येथें आपल्याकडील एक सवय आपणांस नडते. आपल्या १९९९ च्या कायद्यांत वहिवाटीस मान आहे. नोंद नसली तरी जो आधींपासून शिक्का वापरीत आला आहे, त्याला मागाहून नोंद करणारा उठवूं शकत नाहीं. म्हणून आपला व्यापारी म्हणतो, "साऱ्या खान्देशास ठाऊक आहे कीं हा शिक्का आमचा, नोंद कशाला?" खान्देशांत तें खरेंहि असेल. परंतु पुष्कळ देशांत प्रथम नोंदवील त्याचा शिक्का, असा रिवाज आहे. तेथें आपली तीन पिढ्यांची वहिवाट म्हणजे ऐकीव गोष्ट.

आतां, कागद हातीं असला म्हणजे काय होतें हें पाहूं. १९९५ सालीं अमेरिकेंत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रास हळदीनें जखम भरून आणण्याच्या उपायावर पेटंट मिळालें. आपल्या घरांत मूल पडलें कीं स्वयंपाकघरांतून हळद घेऊन धांवणाऱ्या आजीस हें सांगितलें असतें, तर तिनें हंसून दिलें असतें. परंतु अमेरिकन कचेरीस आजीच्या हंसण्याचा उपयोग नव्हता. त्या वेळीं आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे प्रमुख डॉ. रघुनाथ माशेलकर होते; गोव्यांतील माशेल गांवीं जन्मलेले आणि मुंबईस मराठी शाळेंत शिकलेले. त्यांच्या परिषदेनें निषेधाचें पत्र लिहून स्वस्थ न बसतां १९९६ सालीं त्या पेटंटाच्या फेरतपासणीची रीतसर मागणी केली, आणि तिजबरोबर बत्तीस पुरावे जोडले. त्यांत जुने संस्कृत, उर्दू व हिंदी ग्रंथांतील उल्लेख होते, आणि भारतीय वैद्यक संघटनेच्या नियतकालिकांत १९५३ सालीं छापलेला एक लेखहि होता. १९९७ च्या ऑगस्टांत अमेरिकन कचेरीनें तें पेटंट अमान्य केलें. ज्यांनीं जन्मभर संस्कृत शिकविलें, आणि 'याचा उपयोग काय' हा प्रश्न दर वर्षीं पालकांकडून ऐकिला, त्या आम्हांस ही वार्ता किती गोड लागली असेल याची कल्पना वाचकांनींच करावी.

परंतु त्यांतलें खरें मर्म पुढेंच आहे. दर वेळीं पेटंट निघाल्यावर धांवत सुटण्यापेक्षां आपले ग्रंथ परक्या परीक्षकाला वाचतां येतील अशा रूपांत आधींच मांडून ठेवावे, असा विचार सरकारनें केला. २००१ सालापासून आयुर्वेद, युनानी व सिद्ध या वैद्यकांतील योग इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश व जपानी या पांच भाषांत उतरवून पारंपरिक ज्ञानाचा एक मोठा संग्रह तयार करण्यांत आला. आणि २००९ सालीं युरोपच्या व अमेरिकेच्या पेटंट कचेऱ्यांशीं करार करून तो त्यांच्या परीक्षकांस पाहावयास दिला. सरकारी मुत्सद्देगिरीचें काम तें हें. दोन सरकारांमधील करार कोणा एकट्या व्यापाऱ्याच्यानें होण्यासारखा नसतो. तो सरकारच करूं शकतें. परंतु त्या कराराच्या पोटांत घालावयास आधीं ग्रंथ लिहिलेले होते, म्हणून तो करार भरीव झाला.

भौगोलिक नांवांचेंहि तसेंच आहे. ज्या जिनसेचा गुण तिच्या गांवाशीं बांधलेला असतो, तिच्या नांवास १९९९ च्या कायद्याप्रमाणें चेन्नई येथील कचेरींत नोंद करून भौगोलिक मानांकन मिळतें. आपल्या खान्देशांत जळगांवच्या केळ्यास २०१६ सालीं तें मिळालें, आणि जून २०२१ मध्यें तांदलवाडीच्या शेतकऱ्यांचीं बावीस टन मानांकित केळीं दुबईस रवाना झालीं. वर सांगितलेल्या जागतिक करारांत एक अट अशी आहे कीं, जें नांव स्वतःच्या मूळ देशांत रक्षिलेलें नाहीं, त्याचें रक्षण करण्यास दुसरा कोणताहि देश बांधलेला नाहीं. वाचकांनीं या अटीवर क्षणभर विचार करावा. तिचा सरळ अर्थ असा कीं, आधीं घरचा दाखला आणा, मग आमच्या दारीं या. दार्जिलिंगच्या चहानें तेंच केलें. २००४ सालीं आपल्याकडील पहिल्या मानांकनाचा मान त्यानें मिळविला, आणि २०११ सालीं युरोपांतहि त्याच्या नांवास संरक्षण मिळालें.

कोल्हापुरी चपलेची गोष्ट तर अगदीं ताजी. २०२५ च्या जूनमध्यें इटलींतील मिलान येथें प्राडा या कंपनीनें आपल्या प्रदर्शनांत हुबेहुब कोल्हापुरी वळणाच्या चपला मांडल्या, आणि त्या मूळ कोठल्या याचा उल्लेखहि केला नाहीं. महाराष्ट्रांत गहजब झाला. महाराष्ट्र चेंबरचे अध्यक्ष ललित गांधी यांनीं कंपनीस पत्र लिहिलें, आणि या चपलांची प्रेरणा भारतीय पारंपरिक पादत्राणांपासून घेतली आहे हें कंपनीनें मान्य केलें. कांहीं मंडळी मुंबई उच्च न्यायालयांतहि गेलीं. परंतु जुलैमध्यें न्यायालयानें तो अर्ज फेटाळला, कारण अर्जदार त्या मानांकनाचे नोंदलेले धनी नव्हते. पुष्कळांस हें कठोर वाटलें. आम्हांस त्यांत एक धडा दिसला. धनी दुसरेच होते, आणि ते कागदावर होते. २०१९ सालीं या चपलेस मानांकन मिळालें तें महाराष्ट्राच्या व कर्नाटकाच्या दोन चर्मोद्योग महामंडळांच्या नांवें, आणि त्यांत कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर व कर्नाटकांतील बेळगांव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे आहेत.

ही नोंद इटलींत चालत नव्हती, हें खरें. प्राडावर कोणतेंहि न्यायालय ती लादूं शकत नव्हतें. तरीहि तिच्यामुळें एक मोठें काम झालें. बोलणी कोणाशीं करावयाची, सही कोणाची घ्यावयाची, याचें उत्तर तयार होतें. ११ डिसेंबर २०२५ रोजीं मुंबई येथील इटलीच्या वकिलातींत त्या कंपनीनें दोन्ही महामंडळांशीं करार केला. येथील कारागिरांकडून सुमारें २,००० जोड करवून घ्यावयाचे आणि सुमारें ८०० युरो किमतीस ते जगभर विकावयाचे, असें ठरलें. कारागिराच्या पदरीं त्यांतून किती पडेल, हें कालांतरानेंच समजेल. परंतु एवढें मात्र खरें कीं, वकिलातीनें खोली दिली, टेबल दिलें, दोन पक्षांस एकत्र बसविलें. आणि त्या टेबलाच्या अलीकडे बसावयास आपल्याकडे नोंदलेला धनी होता. आमच्या विद्यार्थ्याच्या बैठकींत खोली होती, टेबल होतें, वकील होता. धनी मात्र कागदावर नव्हता.

दाखला असूनहि आळस केला तर काय होतें, याचें उदाहरण थोडें तामसी आहे. परंतु धडा पचण्याजोगा असल्यामुळें वाचकभगिनींनीं क्षमा करावी. स्कॉटलंडच्या व्हिस्कीवाल्यांची संघटना आपल्या नांवास जगभर डोळ्यांत तेल घालून जपते. बंगळूरच्या एका कारखान्यानें १९६८ सालापासून 'पीटर स्कॉट' या नांवाचें मद्य विकण्यास आरंभ केला. संघटनेस तें १९७४ मध्यें समजलें. नोंद रद्द करण्याचा अर्ज तिनें केला तो १९८६ मध्यें. २००८ सालीं आपल्या सर्वोच्च न्यायालयानें निकाल दिला तो संघटनेच्या विरुद्ध, आणि इतकीं वर्षें ती स्वस्थ बसली हें त्याचें एक प्रमुख कारण. ज्यांच्या पाठीशीं वजनदार सरकार उभें, त्यांचीहि बारा वर्षांची झोंप कोणा वकिलाच्यानें भरून निघाली नाहीं.

आतां व्यवहाराच्या चार गोष्टी. ज्या घरांत कांहींएक जिन्नस तयार होते, आणि उद्यां ती परदेशीं जाण्याचा संभव आहे, त्यांनीं आधीं शिक्का येथेंच नोंदवावा. एकट्या अर्जदारास किंवा लहान उद्योगास एका वर्गासाठीं घरबसल्या संगणकावरून अर्ज करण्याची फी ४,५०० रुपये आहे. मसाल्याचा वर्ग तिसावा. नोंद दहा वर्षें टिकते, आणि पुढें वाढवितां येते. येथें अर्ज केल्यापासून सहा महिन्यांच्या आंत, जेथें माल धाडावयाचा त्या देशांत अर्ज जावा. २०१३ च्या जुलैपासून आपला देश माद्रिदच्या व्यवस्थेंत सामील आहे. तिच्याद्वारें एकाच अर्जानें शंभराहून अधिक देशांपैकीं हवे ते निवडून नोंद मागतां येते. परंतु त्या व्यवस्थेंतहि पाया घरचाच. येथें अर्ज किंवा नोंद असल्यावांचून तिचें दार उघडत नाहीं, आणि पहिल्या पांच वर्षांत येथील नोंद ढांसळली तर बाहेरचीहि ढांसळते. आखातांत माल जात असेल तर नांव अरबी लिपींतहि नोंदवावें. एजंट नेमतांना तो भावासारखा असला तरी लेखी करार करावा, आणि शिक्का कोणाचा हें त्यांत स्पष्ट लिहावें. एवढी शिदोरी बरोबर असली म्हणजे मग वकिलातींत जावें. तेथील अधिकारी आपल्यासाठीं पुष्कळ करूं शकेल.

वाचक विचारतील, पुण्यास शिकलेल्या मुलास एवढेंहि सुचलें नाहीं काय? सुचलें होतें. अर्ज भरूनहि ठेविला होता. तो अर्ज अकरा वर्षें पेढीच्या खणांत पडून राहिला, कारण अर्जदाराच्या रकान्यांत कोणाचें नांव लिहावें याविषयीं त्याचे वडील आबा आणि चुलते बापू यांचें एकमत होईना. आबा म्हणत, थोरली पाती आमची, आजीचें नांव आमच्याकडे. बापू म्हणत, उन्हातान्हांत गांवोगांव फिरून शिक्का मीं नांवारूपास आणला. दोघेहि सज्जन, एका चुलीवरचें जेवणारे. भांडण मोठ्यानें कधीं झालें नाहीं, म्हणून तें मिटलेंहि नाहीं. अशीं न झालेलीं भांडणें आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं खणांत पडून असतील.

मुलगा आमच्याकडे आला होता तो यासाठींच. दुसऱ्या दिवशीं आम्ही त्यांच्या घरीं गेलों. आम्ही तर साधे शासनहर. निरोपापलीकडे अधिकार नाहीं. आम्हीं दोघां भावांच्या मध्यें तो पुडा ठेविला आणि कांहीं बोललों नाहीं. बापूंनीं तो उचलून उजेडाकडे धरला. परक्या चितार्‍यानें चित्र आपल्या मतें सुधारलें होतें. पणजीस तरुण केलें होतें, हातांत बांगड्या भरल्या होत्या, कपाळीं ठसठशीत कुंकू रेखलें होतें. बापूंनीं पुडा आबांच्या हातीं दिला. आबा बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "आजीनें बावीस वर्षांची असतांना कुंकू पुसलें. ही आजी नव्हे." आणि थोड्या वेळानें मुलाकडे वळून, "तो कागद आण. पेढीचें नांव लिही. दोघेहि सही करितों."

अर्ज गेला. त्या तारखेपासून सहा महिने मोजून इतर देशांतील अर्जांची तयारी चालू आहे. ज्या देशांत गोष्ट हातची गेली, तेथें मात्र वकिलातीनें दिलेल्या यादींतील एका कायदेपंडिताकडे प्रकरण सोंपविलें आहे. जुन्या हुंड्या, मालाच्या पावत्या, फोनवरचे निरोप असे सांपडतील ते पुरावे तो गोळा करीत आहे. यश येईलच असें तो म्हणत नाहीं. तोंवर तेथें माल दुसऱ्या नांवानें जातो, आणि तेथील दुकानांतून कुंकू लावलेली ती बाई कोणाची तरी मिरची विकीत बसली आहे. शिक्का नोंदविण्यास जो खर्च आला असता त्याच्या कितीतरी पट पैसा आतांच गेला. पैशाचें दुःख त्या घरास तेवढें नाहीं.

सरकारनें आपले वकील अधिक नेमावे, त्यांस या विषयाचें शिक्षण द्यावें, लहान व्यापाऱ्याकडे त्यांनीं अधिक लक्ष पुरवावें, ही मागणी रास्त आहे आणि ती आम्हीहि करितों. परंतु पाठविलेला दूत कितीहि कुशल असला, तरी घरून जो कागद घेऊन तो निघतो त्याच्यापेक्षां अधिक तो कांहीं मांडूं शकत नाहीं. तेव्हां वाचकहो, पुढच्या अंकाची वाट पाहतां पाहतां एकदां आपापल्या घरचा खण उघडून पाहावा, एवढीच विनंती.